बर्लिनला वन्स मोअर

न्यूझीलंडमधल्या आमच्या अप्पर हट गावच्या गणपतीत दरवर्षी विनोदी एकांकिका असते. नवरा, बायको, बायकोचा भाऊ आणि सोफा. यंदा मी हट्टाने बर्लिनवर लिहिली. दोन महायुद्धांमधलं बर्लिन: कारखाने बंद, माणसं रिकामी, रोज नव्या झेंड्याखाली मारामाऱ्या.

"गणपतीपुढे जर्मन?" कमिटीतल्या काकूंनी नाक मुरडलं.

"काकू, बाप्पाला सगळ्या भाषा येतात. शिवाय सोफा उचलावा लागणार नाही."

सोफ्यापायी मंजुरी मिळाली.

मुख्य भूमिका दोनच. चौकात भाषण ठोकणारा पुढारी झाला माझा मित्र, पुण्याचा इंजिनिअर. आवाज असा की माइक लाजावा. वेलिंग्टनच्या कचेऱ्यांतून माणसं कमी झाली, त्यात त्याची नोकरी गेली होती. ज्यू दुकानदार झाला सांगलीहून इथे शिकायला येऊन राहिलेला एक तरुण. मित्राने जिथे अर्ज केला होता, नेमकी तीच नोकरी ह्याला मिळालेली. त्याबद्दल दोघं चकार शब्द काढत नसत, पण तालमीला वेळेवर हजर. मला वाटलं, वा! नाटक माणसांना जवळ आणतं ते असं.

तरुणाचे आईवडील पहिल्यांदाच न्यूझीलंडला आले होते. पहिल्या रांगेत बसले. 'परत ये, तिथे तुझं आहे कोण?' हे आईचं फोनवरचं कायमचं पालुपद.

"दादा, कोण आहे ते आज तिला दाखवायचंय," मेकअप करताना तो मला म्हणाला.

तिसरी घंटा झाली. मित्र खोक्यावर चढला. "तुमची भाकरी कोणी पळवली? इकडे बघा! हा गल्ल्यावर बसलाय!"

लोकांच्या अंगावर काटा यावा म्हणून मी ते भाषण लिहिलं होतं. आल्या टाळ्या. कडकडाट! वर मागून आरोळी, "वन्स मोअर!"

आता मराठी नटाला वन्स मोअर मिळाला, की तो मेलेला असला तरी उठून पुन्हा मरतो. मित्राने भाषण पुन्हा सुरू केलं. पण ह्या खेपेला बर्लिन अर्ध्यातच सुटलं.

"परवा शिकायला आले, काल व्हिसा मिळाला, आज आमच्या खुर्चीत! सकाळची वेलिंग्टनची ट्रेन बघा, सगळे हेच!"

टाळ्या दुप्पट. वाजवणारे झाडून सगळे कधी ना कधी व्हिसा घेऊनच आलेले. काकूसुद्धा.

दुकानदाराचं वाक्य होतं, 'मी ह्याच गल्लीत राहतो.' तो ते बोललाच नाही. पुठ्ठ्याचं शटर खाली ओढून आत निघून गेला.

जेवणाच्या रांगेत त्याची आई माझ्याजवळ आली. तिच्या मागे तो, रंगवलेली दाढी अर्धीच पुसलेला, माझ्याकडे टक लावून. पलीकडे मसालेभाताच्या पातेल्याशी मित्र शाबासक्या घेत होता.

"ते दुसऱ्यांदा जे बोलले, तेही तुम्हीच लिहिलं होतं का हो?"

दुसऱ्यांचे विनोद मी जन्मभर आपले म्हणून खपवले आहेत. पण इतकी घाण कधी अंगावर घेतली नव्हती.

"हो, मीच."

तिने मोठा श्वास सोडला. "फार वाईट लिहिता हो तुम्ही," म्हणाली आणि मुलाकडे वळली. "बाकी माणसं चांगली आहेत रे तुझी."

तो हसून "हो" म्हणाला. त्या संध्याकाळी त्याच्याइतका उत्तम अभिनय कोणी केला नाही. त्याला मात्र वन्स मोअर मिळाला नाही.