दोन पंख्यांमधली जागा

"एक पंखा बंद करा, म्हणजे आवाज वाढेल," असं तुळशीदास एकदा नव्या फोरमनला म्हणाला, आणि बॉयलरपाशी उभी असलेली माणसं हसली.

तुळशीदास माहीमचा कोळी. बापाची होडी थोरल्या भावाकडे गेली, तसा तो परळच्या एका गिरणीत तेलवाला म्हणून लागला. त्याला पाच वर्षं झाली होती. भट्टीला वारा घालणारे दोन मोठे पंखे एकाच दांड्यावरून पट्ट्यांनी फिरत. त्यांच्या बेअरिंगला तेल घालायचं, कुठलं तापतंय का ते बघायचं, एवढंच काम. पण पंख्यांची घरघर अशी की छातीचा पिंजरा थरथरावा. घरी गेला तरी तो मोठ्यानेच बोलायचा. बायको गुणवंती डोक्यावरची मासळीची टोपली उतरवताना म्हणायची, "हळू बोला, मी काय गलबतावर हाय?"

पहिल्याच वर्षी त्याला भिंतीजवळ हातभर जागा सापडली होती. तिथे उभं राहिलं की घरघर जवळजवळ विरून जाई. एक पाऊल इकडे सरकलं की पुन्हा अंगावर येई. त्याला नवल वाटलं नाही. खाडीच्या तोंडाशी समुद्राची लाट आणि बांधावर आपटून परतणारी लाट भेटतात, तिथे कधी कधी पाणी थाळीसारखं सपाट राहतं. एक लाट वर उचलते त्याच क्षणी दुसरी खाली ओढते. बाप होडी तिथेच थांबवायचा. इथे दोन पंख्यांचे आवाज तसेच भेटत होते.

मग त्याने त्या जागेचा उपयोग केला. दोन्ही पंखे एका चालीने फिरत असले की तिथे शांतता. बेअरिंग तापून जड झालं किंवा पट्टा घसरला, की एक पंखा जरासा मागे पडे, आणि त्या शांततेत आवाज चढू-उतरू लागे, घुम... घुम... घुम. असं झालं की तुळशीदास तेलाची बुदली घेऊन निघे. पाच वर्षांत एकही बेअरिंग जळलं नव्हतं.

नवे फोरमन माधवराव यंत्रविद्येच्या शाळेतून शिकून आले होते. तुळशीदास भिंतीला टेकून दिवसातून दहादा उभा राहतो, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात टिपलं.

"काय रे, काय करतोस?"

"पंखे ऐकतोय, साहेब."

"काय ऐकू येतंय?"

"काय नाय."

माधवरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. इतकी घरघर चाललेली, आणि याला काही ऐकू येत नाही! शिवाय बोलतो तो ओरडून. "तू बहिरा झालायस," ते म्हणाले. "बहिऱ्याच्या हाती मी यंत्र देणार नाही. शनिवारी हिशेब घेऊन जा."

तेव्हा तुळशीदासने ते एक पंखा बंद करायचं वाक्य म्हटलं. आगवाला धोंडू फावड्यावर रेलून म्हणाला, "अरे तुळशा, मग मी दुसरी भट्टी पेटवतो. दोन्ही मिळून गार करून दाखव की आम्हाला!"

"उष्म्याचं मला ठाऊक नाय," तुळशीदास म्हणाला. "आवाजाचं ठाऊक हाय. साहेब, इथे उभे राहा. नाय, अजून चार बोटं डावीकडे."

माधवराव अनिच्छेने उभे राहिले. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरल्या. त्यांनी मान पुढे काढली, मागे घेतली, पुन्हा जागेवर आणली. तुळशीदासने डाव्या पंख्याचा पट्टा काठीने शेजारच्या, नुसत्याच फिरणाऱ्या सैल चाकावर सरकवला. पंखा मंदावला, थांबला. आणि उरलेल्या एकाच पंख्याची घरघर माधवरावांच्या कानात अशी शिरली की ते दचकून बाजूला झाले.

"लाव, लाव पट्टा!"

पट्टा चढला. पंख्याला वेग येईतो घुम-घुम झाली, मग पुन्हा शांत. आता कुणी हसलं नाही. माधवराव तिथेच उभे राहून एकेक गोष्ट विचारत गेले: बेअरिंग तापल्यावर काय होतं, पट्टा घसरल्यावर काय होतं, हे किती आधी कळतं. तुळशीदासने सगळं सांगितलं. नोकरी वाचली, असं त्याला वाटत होतं. लपवावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

माधवरावांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर दोन पावलांच्या खुणा आखल्या.

"धोंडू, इकडे ये. उभा राहा. काय ऐकू येतंय?"

"काय नाय साहेब! आयला, खरंच की रे तुळशा!"

"कोळसा टाकून झाला की दर खेपेला इथे उभं राहायचं. आवाज चढू-उतरू लागला की तेल घालायचं. जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

माधवराव तुळशीदासकडे वळले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती. "तुझे कान चांगले आहेत, बाबा. माझी चूक झाली. पण एवढ्या कामाला निराळा माणूस कशाला ठेवायचा, हे गिरणीचे मोठे साहेब मला विचारणारच. तू उद्यापासून अंगणात कोळशाच्या गाडीवर ये."

तुळशीदासने खडूच्या खुणांवर उभ्या असलेल्या धोंडूकडे पाहिलं. धोंडूने नजर खाली घातली, पण पाय काढले नाहीत. तुळशीदासने डोक्याला गुंडाळलेलं फडकं सोडलं, हात पुसले, आणि दारातून बाहेर पडला.