कात्रजच्या उतारावरची दोरी

बाबांनी आता गाडी चालवायची नाही, असं आम्हा भावंडांचं ठरलं होतं. म्हणजे ठरवलं बंगळूरच्या भावानं, फोनवरून. चावी काढून घ्यायचं पुण्यकर्म मात्र पुण्यात राहणाऱ्या मुलीच्या, म्हणजे माझ्या गळ्यात. बाबांचे हात हल्ली थरथरतात, चहा पिताना कपबशी वाजते. एखाद्या दिवशी कुणाला तरी धडक देतील, या भीतीनं मला धड झोप लागत नव्हती.

आज बोलायचंच, असं घोकत होते, तेवढ्यात त्यांचाच फोन आला. मित्राला भेटून परतताना जुन्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर, उतारावर गाडी बंद पडलेली. क्रेन मागवते म्हटलं, तर म्हणाले, गाडी बंद पडलीय, वरात काढायची नाहीये, तू तुझी गाडी घेऊन ये.

पोचले तर बाबा टोचनची, म्हणजे गाडी ओढायची जाड दोरी हातात घेऊन उभे. दोन्ही गाड्यांच्या हुकांना ती स्वतः बांधली, मधोमध लाल फडकं लावलं. चावी फिरवून ठेवली, नाहीतर स्टिअरिंग अडकतं म्हणाले. दोन्ही गाड्यांचे दिवे लुकलुकत ठेवले. आणि खुशाल बंद गाडीत जाऊन बसले.

मी भडकलेच. बंद गाडीचा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो, स्टिअरिंग हलता हलत नाही, एवढं मलाही कळतं. त्यावर म्हणाले, उतारावर दोन्ही गाड्यांचा ब्रेक मागच्यानंच मारायचा असतो. दोरी ढिली पडली की मागची गाडी पुढचीवर आदळते. येतं का तुला हे? येत असेल तर तू मागे बस. मी माझ्या गाडीत जाऊन बसले.

निघालो. जीव मुठीत धरून मी पहिल्या गिअरवर गाडी उतरवत होते आणि डोळे आरशात. काय सांगू! वळण आलं की माझी गाडी मागून हलकेच धरल्यासारखी व्हायची. दोरी तशीच ताणलेली. ते कपबशीवाले हात स्टिअरिंगवर रोवलेले, चेहरा शांत. घाबरायचं सोडून मी बघतच राहिले.

खालच्या वळणावर तोंडाला ओढणी गुंडाळलेली एक स्कूटरवाली डावीकडून आली. दोन गाड्यांमध्ये जागा दिसली आणि तिच्यात पुणेकरानं स्कूटर घातली नाही, असं कधी झालंय? घातली. दोरी तिला दिसलीच नव्हती. माझा पाय ब्रेकवर जाईना. तेवढ्यात मागून लांब हॉर्न वाजला आणि माझी गाडी मागे खेचल्यासारखी थांबली. दोरी ताठ, स्कूटरचं चाक तिच्यापासून वीतभर लांब.

"काका, काहीतरी पाटी तरी लावायची!" उलट तीच म्हणाली.

"अहो, ते लाल फडकं आपल्या स्वागतालाच बांधलंय," बाबा म्हणाले.

ती गेली. आम्ही कात्रजच्या गॅरेजला पोचलो. एवढी वर्षं ह्या माणसाच्या शेजारी बसून फिरले, आणि तो गाडी कशी चालवतो ते मी आज पाहिलं. डोळे भरून आले. चुलीत गेला तो निर्णय, असं भावाला ठणकावून सांगायचं ठरवूनच मी उतरले.

बाबा अजून आतच होते. दार उघडलं तर घामानं शर्ट भिजलेला, आणि ब्रेकवरचा पाय दोन्ही हातांनी उचलून ते बाहेर ठेवत होते. हात पुन्हा थरथरायला लागले होते.

"दोरी कुठे ढिली पडली का गं?"

"एकदाही नाही, बाबा."

त्यांनी चावी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

"मग तू मागायच्या आधी, आजच घे."