आजोळचा पाय

भाऊसाहेब रोग्याची चौकशी करताना त्याच्याकडं पाठ करून उभे राहायचे. रोगी बुचकळ्यात पडायचा. तुम्हीही पडला असता. पण भाऊसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. "समोरासमोर उभं राह्यलं की त्येचा डावा त्यो माझा उजवा हुतो. दोघांची तोंडं एकीकडं पायजेत. मोक्यावर जाऊन दिशा धरल्याबिगर नोंद न्हाय!" मग मान मागं वळवून विचारायचे, "हं, कुठला पाय?"

बारामतीतल्या एका दवाखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. माझं घराणं इंदापूर तालुक्यातलं, मेंढरांमागं फिरणारं. पावसाळा सोडला तर आमचा संसार घोड्याच्या पाठीवर. वडिलांचा गुडघा चालून चालून वाकला, तरी त्यांच्या केसपेपरवर दर वेळी एकच शब्द यायचा: पायदुखी. मी शाळेसाठी आत्याकडं राहिले, बीएस्सी झाले, मेडिकल कोडिंगचा कोर्स केला. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. डॉक्टरांनी लिहिलेल्या आजाराला ठरलेला कोड देणं हे माझं काम. तिथं 'पाय वाकडा' एवढ्यावर भागत नाही. कुठला पाय, कुठल्या सांध्यात, कुठल्या बाजूला, जन्मतः की नंतर, सगळं लागतं.

भाऊसाहेब निवृत्त तलाठी. दवाखान्याच्या जाहिरातीत 'अभिलेख विभागात अनुभवी माणूस पाहिजे' असं छापलं होतं. त्यांची उभी नोकरी अभिलेखातच गेलेली. अभिलेख जमिनीचे की आजाराचे, हे मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. रोग्याच्या घरच्यांशी बोलून फाइलीतली माहिती पुरी करायचं काम त्यांना मिळालं.

एकदा एका बाईंच्या पायाचा अंगठा शेजारच्या बोटावर चढलेला होता. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'अंगठ्याचे लगतच्या बोटावर अतिक्रमण. बोटाची हरकत आढळली नाही.'

मी म्हटलं, "भाऊसाहेब, याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात."

"म्हनू दे की. विंग्रजीत केलं म्हनून अतिक्रमण कायदेशीर हुतंय व्हय?"

फेंगड्या पायांच्या एका पैलवानाच्या फाइलीत त्यांनी 'दोन्ही गुडघ्यांमध्ये सामाईक पडीक जागा' अशी नोंद केली होती. हाडांचे डॉक्टर ओरडायचे, "अहो, हा दवाखाना आहे, तहसील कचेरी नाही!" भाऊसाहेब नम्रपणे "व्हय साहेब" म्हणायचे आणि दुसऱ्या रोग्याच्या घोट्याची चतुःसीमा लिहायला घ्यायचे.

मग ती आठ वर्षांची मुलगी आली. उजवा पाय गुडघ्यापासून बाहेर फेकलेला, चालताना गुडघ्यावर गुडघा घासायचा. हाडाला छोटी पट्टी बसवली की वाढता वाढता पाय सरळ होतो, पण वाढ शिल्लक असेल तरच. पुण्याहून येणाऱ्या सर्जननी शस्त्रक्रियेला गुरुवार दिला होता. सरकारी योजनेनं मात्र केस परत पाठवली. आईनं सांगितलं होतं 'जन्मापासून', आणि एक्स-रे बघून डॉक्टरांनी लिहिलं होतं 'जुन्या दुखापतीसारखं'. दोन्हीचे कोड वेगळे. एक काय ते ठरवा, नाहीतर मंजुरी नाही. आईला पुन्हा विचारलं, तर ती खाली मान घालून तेच म्हणाली.

सोबत मुलीच्या वडिलांची आई होती, सोमेश्वरनगरकडची. मी तिला विचारलं, "आजी, पाय असा कशानं?"

"त्यो पाय आजोळचा हाय," आजी फणकाऱ्यानं म्हणाली.

म्हणजे आईच्या घराण्यातनं आलेला, जन्मजात. मी तसं लिहायला घेतलं, तेवढ्यात भाऊसाहेबांनी हात आडवा घातला. "थांब पोरी. आजोळाकडनं आला मंजी ही वारसनोंद झाली. दुसऱ्या बाजूला नोटीस देल्याबिगर मंजूर करता येत न्हाय."

मी कपाळाला हात लावला. त्यांनी खरंच भिगवणला फोन लावून आईच्या आईला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात सुनावणी भरली. मधे कॉटवर मुलगी, दोन बाजूंना स्टुलावर दोन आज्या, आणि सगळ्यांकडं पाठ करून भाऊसाहेब.

"सोमेश्वरच्या आजींचं म्हननं, ह्यो पाय तुमच्या घराण्यातनं आला. काय हरकत?"

भिगवणची आजी उसळली. "आमच्या घराण्यात समदी सरळ हायती! माझा बा, माझा आजा, आमची म्हसरंसुदीक!"

"मग ह्यो पाय आला कुठनं?"

"आला न्हाय! आमच्याकडं आली तवा सरळच हुता की!"

बोलून गेली आणि तिनं तोंडावर पदर धरला. सोमेश्वरची आजी मला म्हणाली, "मी काय येगळं सांगत हुते? कुनी सांगितलं न्हाय तरी मी वळखलं हुतं. आजोळात मोडला, म्हनून आजोळचा."

भाऊसाहेब वळले. रोग्याकडं तोंड करून उभे राहिलेले मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"कसा मोडला, आक्का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तीनेक वर्सांची आसंल. मी धार काढत हुते, ही गव्हाणीवर चढली आन पडली. हाडवैद्याकडनं बांधून घेतलं. सूज उतरली, आन मागनं पाय वाकत गेला. माझं नाव येऊ न्हाय म्हनून लेक जन्मापास्नं म्हनती."

"सांगायचं की मग," सोमेश्वरची आजी म्हणाली. "मी काय खाल्लं आसतं तुला?"

"खाल्लंच आसतंस!"

सोमेश्वरची आजी जरा विचारात पडली. "व्हय, खाल्लं आसतं," ती म्हणाली, आणि पिशवीतनं भाकरी काढून तिच्यापुढं केली.

आई रडत होती. भिगवणची आजी भाकरीला हात लावेना. भाऊसाहेब तिच्याजवळ वाकून म्हणाले, "आक्का, नोंद पायाची हाय. दोष कुनाच्या नावावर चढवायचा, आसा रकाना ह्यात न्हाय."

"मग गुरुवारी हुनार का?" मुलीनं विचारलं.

मी धावत डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सगळं पुन्हा आईच्या तोंडून ऐकलं आणि नव्यानं लिहिलं: उजवा गुडघा, जुन्या मोडीनंतर आलेला बाक. मी कोड बदलला. इकडं भाऊसाहेब दोन्ही आज्यांना पंच म्हणून अंगठे मागत होते. डॉक्टरांनी त्यांच्या हातातला शाईचा पॅड काढून घेतला. बुधवारी मंजुरी आली.

पुढं नवी कार्यप्रणाली आली. आता स्क्रीनवरच्या यादीतनं आजार निवडायचा असतो, आणि यादीत अतिक्रमण नाही. भाऊसाहेबांनी काही दिवस शोधलं, मग गावी निघून गेले. गेल्या उन्हाळ्यात तिथंच झोपेत वारले. आम्हाला कळेपर्यंत दहावा होऊन गेला होता.

त्यांना बघायला मिळालं नाही, म्हणून मी इथं लिहिते. शस्त्रक्रिया ते असतानाच, त्याच गुरुवारी झाली होती. यंदा पट्टी काढली. मुलीचा पाय सरळ आहे, आणि ती सायकलवरनं शाळेत जाते.