भुंग्याचा बिल्ला

"बिल्ला दे, बत्ती घे."

खिडकीतून आधी हात यायचा, मग हे शब्द. मान वर व्हायची नाही. उघडा तळहात, बोटांवर काळपट डाग, मनगटात दोन प्लास्टिकच्या बांगड्या. आमच्या मँगनीजच्या खाणीत खाली उतरणारा प्रत्येक जण त्या हातावर आपला पितळी बिल्ला ठेवायचा आणि टोपीला लावायची बत्ती घ्यायचा. बिल्ला बत्तीघरातल्या मावशींच्या मागच्या फळीवर खिळ्याला लटकायचा. माणूस वर आला, बत्ती परत केली, की बिल्ला त्याचा त्याला. म्हणजे फळीवर बिल्ला दिसतो आहे याचा अर्थ एकच: त्याचा मालक अजून जमिनीखाली आहे. शिफ्ट सुटली तरी शेवटचा बिल्ला जाईपर्यंत मावशी घरी जात नसत.

तुम्ही म्हणाल, बत्त्या वाटण्यात दमण्यासारखं काय आहे? मलाही तसंच वाटायचं. पण इतकी थकलेली बाई मी धानाच्या रोवणीतही पाहिली नाही, आणि माझ्या आईने दुसऱ्यांच्या बांधीत, चिखलात वाकून रोवणी करूनच मला शिकवलं. मावशींचे पाय सुजलेले असत, चपला स्टुलाखाली काढून ठेवलेल्या. कुणी चिडवलं, "काय मावशी, बसून बसून दमल्या?" तर म्हणायच्या, "बसून नाही रे बापा, वाट पाहून दमली."

मी पहिल्या दिवशी त्या खिडकीशी उभी राहिले ती कोऱ्या बुटांत. मोहाडीजवळच्या आमच्या गावात, आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. सर्व्हे विभागात नोकरी लागली म्हणून वडिलांनी पेढे वाटले होते. मुलगी जमिनीखाली उतरणार आहे, हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. या खाणीत उतरणारी पहिली मुलगीही मीच. बत्तीच्या बॅटरीचा पट्टा कमरेवरून घसरून गुडघ्यांपर्यंत आला आणि मागची रांग हसली. मावशींनी पट्टा खिडकीतून आत ओढून घेतला, खिळा ठोकून त्याला एक नवीन भोक पाडलं.

"या पट्ट्यानं आजवर बाईची कंबर पाह्यली नाही, त्याचा काय दोष? जा. अन् वर येजो."

'वर येजो' हे त्या सगळ्यांनाच म्हणायच्या. मला मात्र ते आशीर्वादासारखं वाटलं. अजून वाटतं.

खाणीवरच्या विधवेबद्दल आपण सगळे जे समजतो, तेच मीही समजले होते. एकदा हळू आवाजात विचारलं, "काका खालीच...?"

त्या वैतागल्या. "नाही वं. त्याले कावीळ झालती. घरीच गेला, तेही सुट्टीच्या दिवशी. खदानीवर उगाच आळ नोको घेऊ." नोकरी नवऱ्याच्या जागी मिळाली होती, एवढं खरं. मग म्हणाल्या, "आधी एकाचीच वाट पाहो. आता साऱ्यांची पाहा लागते."

धातू काढून झाल्यावर खाली मोठमोठ्या पोकळ्या उरतात. आम्ही त्यांना स्टोप म्हणतो. वर छताला आधार नसतो, म्हणून आत पाय ठेवायला मनाई. तरी मोजणी करावी लागतेच. पूर्वी सर्व्हेवाले काठावर उभे राहून, मान आत घालून, दिसेल तेवढं मोजायचे. मग मुख्यालयाकडून काही महिन्यांसाठी ड्रोन आला. जाळीच्या गोल पिंजऱ्यात बसवलेला, समोर दिवा, भिंतीला घासला तरी सावरणारा. मी काठापासून मागे उभी राहायची आणि तो आत जाऊन मोजून यायचा. त्याची पेटी वाहायला सानगडीकडचे सुखदेवभाऊ होते. वय चाळिशीचं, तोंड दिवसभर चालू.

"मावशी, हा आमचा नवा साहेब," त्यांनी पेटी खिडकीशी टेकवली. "पगार नाही, चहा नाही, सुट्टी नाही."

"खाली जाऊन राहिला का हा?"

"हो."

"मंग याचा बिल्ला?"

रांगेत हशा पिकला. मावशी हसल्या नाहीत. ड्रॉवर उचकून त्यांनी एक जुना बिल्ला काढला, आकडा पार झिजून गेलेला. "खाली जाईन त्याचा बिल्ला लागते. मानूस असो का भुंगा." तेव्हापासून ड्रोनचं नाव भुंगाच पडलं.

मग मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "हा गेला तं मानसं कमी जातीन का वं?"

"काठापर्यंत जावंच लागेल. पण आत कोणी नाही."

"तेवढंच बरं," त्या म्हणाल्या आणि पाय चोळत बसल्या.

एकदा मी त्यांना भुंग्याने घेतलेलं चित्रण दाखवलं. इतकी वर्षं बत्त्या वाटल्या, पण त्या जातात कुठे हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पडद्यावर काळी भिंत सरकत होती, छत दिसता दिसत नव्हतं. मावशी पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "एवढ्या अंधारात जातेत का माह्या बत्त्या?" बत्तीला चिखल लागला म्हणून ज्याला त्याला झापायची त्यांची सवय त्या दिवसापासून सुटली. ओल्या फडक्याने मुकाट पुसून घेऊ लागल्या.

आणि एका दुपारी भुंगा परत आला नाही. खडकाआड वळला, चित्र गोठलं, आतून काहीतरी दगडांवर पडल्याचा बारीक आवाज आला. आम्ही वर येऊन आमच्या विभागाच्या साहेबांना सांगितलं. साहेब वाईट नव्हते. पण वस्तू मुख्यालयाची, परत पाठवायचे दिवस जवळ आलेले. कपाळ चोळत म्हणाले, "दोराला गळ बांधून ओढता येईल?"

"दोराले येनार नाही, साहेब," सुखदेवभाऊ म्हणाले. "मीच आत जातो अन् घेऊन येतो. दोन मिनटाचं काम."

साहेब हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी "नको" म्हटलं. नव्या मुलीचं 'नको' किती दूर जातं, ते तुम्हालाही ठाऊक आहे.

सुखदेवभाऊंनी खिडकीत बिल्ला ठेवला. हात पुढे आला नाही.

"तुही शिफ्ट तं सुटली. आता कोठी जाऊन राहिला?"

"भुंगा आनाले. स्टोपात पडला."

मावशींनी मान वर केली. "बत्ती नाही."

"काहून?"

"चार्ज नाही."

बत्ती पुरती चार्ज झाली की तिच्यावर हिरवा ठिपका लागतो. मावशींच्या मागे रॅकवर सुट्या बत्त्यांची अख्खी रांग हिरवी पेटलेली होती.

साहेब आले. "मावशी, एक बत्ती द्या."

"एकही चार्ज नाही, साहेब."

"मग हे हिरवे दिवे?"

"थे खराब झाले. हिरवेच राह्यतेत."

मागे कुणीतरी हसलं. साहेबांचा आवाज बदलला. "तुमच्याविरुद्ध लिहून द्यावं लागेल मला."

"लिवा." आवाज चढला नाही. त्या फक्त फार थकलेल्या दिसल्या. "पन मले एक सांगा, साहेब. भुंगा कायले आनला? मानूस आत जाऊ नये म्हनून ना? मंग आता भुंग्यापायी मानूस काहून धाडून राहिले?"

साहेब हिरव्या ठिपक्यांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "उद्या तरी चार्ज होतील का?"

"उद्याचं उद्या पाहू."

साहेब परत गेले आणि ड्रोन काढता येत नाही असं मुख्यालयाला कळवलं. मावशींविरुद्ध त्यांनी काही लिहिलं नाही.

"माहा बिल्ला तरी द्या आता," सुखदेवभाऊ म्हणाले.

"घे. घरी जा, पोरगी वाट पाहून राहिली असन."

त्या संध्याकाळी सगळे वर आल्यावर फळीवर एकच बिल्ला उरला, झिजलेल्या आकड्याचा. मावशी त्याच्यासमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. मग चपला घातल्या, दिवा मालवला आणि बिल्ला तसाच ठेवून घरी गेल्या. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "झोप लागली का?"

"लागली ना. मानूस थोडीच होता."

त्या स्टोपचं छत पुढे कोसळलं, असं लिहिता आलं असतं तर शोभलं असतं. ते कोसळलं नाही. अजून तसंच आहे. सुखदेवभाऊ म्हणायचे, "गेलो असतो तं आलो असतो, मावशी."

"आला असता," त्या म्हणायच्या. "पन माह्यानं वाट पाहनं नसतं झालं."

मावशी निवृत्त होऊन दिघोरीला भावाकडे गेल्या. खिडकीत आता एक मुलगा बसतो, कार्ड टेकवलं की पिक् असा आवाज होतो. कोणाचा हात पुढे येत नाही, 'वर येजो' कोणी म्हणत नाही. जुनी फळी तो काढून टाकणार होता. राहू दे, म्हणून मी त्याला विनवलं.

कधी कधी शिफ्ट सुटायच्या वेळेला माझा फोन वाजतो. कशी आहेस वगैरे काही नाही.

"आले का सारे वर?"

मी खिडकीतून त्या मुलाच्या पडद्यावरची नोंद पाहते, मग फळीकडे. "आले, मावशी. एक सोडून."

पलीकडे त्या पाय चोळत असतील.

"थो राहू दे," म्हणतात.