रशीदभाईचे डोळे आणि गळकी इंजिनं

गॅरेजच्या बाकड्यावर किस्से कसे जमतात? गळक्या गाडीखाली ऑईल जमतं तसे. टपकताना कोणाला दिसत नाही. सकाळी पाहावं तर हे एवढं थारोळं! मी सातवी नापास. पण अकोटात फटफट्या दुरुस्त करणाऱ्या रशीदभाई मिस्त्रीच्या बाकड्यावर वीस वर्षं बसलो, तेव्हा मला निम्मा इंजिनीयर म्हणायला हरकत नाही.

कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. नवी गाडी घेणार कोण? जुन्याच पळवायच्या, आणि जुनी म्हटली की गळणारच. रशीदभाईकडे रांग!

*

एका गुरुजींच्या गाडीचं इंजिन सगळंच काळंकुट्ट. कुठून गळतं, पत्ता नाही.

रशीदभाई म्हणाला, "ऑईल दिसते तिथून गळत नाही, गुरुजी. हवा त्याले मांगं नेते." त्यानं इंजिन रॉकेलनं धुतलं, कोरडं पुसलं आणि हुकूम सोडला, "घरून पावडरचा डबा आणा."

इंजिनाला पावडर फासली. गुरुजी जिनिंग फॅक्टरीपर्यंत चक्कर मारून आले. पांढऱ्यावर एकच काळी रेघ, थेट हेडच्या सांध्यातल्या गॅस्केटपासून निघालेली!

मी म्हटलं, "गुरुजी, घरच्या बाईंचा मेकअप गेला, पण चोर सापडला!"

पुढं आठवडाभर गुरुजींची गाडी चमेलीचा वास मारत शाळेत जायची.

*

मोर्शीचा एक संत्रेवाला आला. सगळ्या गॅस्केटी बदलून झालेल्या, तरी इंजिन चहूकडून पाझरतंय. रशीदभाईनं पान्याला हातही लावला नाही. इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी असते, ती तेवढी उपसली. आत कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं!

"नाक बंद हाय याचं," रशीदभाई म्हणाला. "म्हणून अंगातून घाम काढून राह्यलं."

सायकलच्या तारेनं नळी मोकळी केली. गळती बंद! बाकडं गार!

*

मग रशीदभाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्यानं कोणाला सांगितलं नाही. पण मी पाहिलं, पायाशी पडलेला बोल्ट तो चाचपून शोधत होता. मिस्त्रीचे डोळे गेले की शटर खाली. मग त्यानं करायचं काय, आणि आम्ही म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं?

पण माझी खोड! एक दिवस माझ्याच गाडीच्या इंजिनाला शेंगदाण्याचं तेल फासलं आणि गाडी त्याच्या पुढ्यात लावली. "रशीदभाई, लय गळून राह्यली बाप्पा."

त्यानं बोट फिरवलं. हुंगलं. चाटलंसुद्धा!

"इंजिन ठीक हाय, नाना. वहिनीले फोडणीले तेल ठेवलं का नाही?"

बाकडं हसून लोळलं. मीही हसलो. पण हे बोलताना तो माझ्याकडं नाही, माझ्या शेजारच्या खांबाकडं पाहत होता.

*

ऑपरेशनला अकोल्याला यायला गडी तयार होईना. "गॅस्केट फाटली तं नवी भेटते. डोळा फाटला तं?"

शेवटी मी म्हटलं, "नको येऊ. उद्यापासून तुह्या दुकानात पाना मी धरतो."

मुकाट अकोल्याला आला!

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. डॉक्टर तरुण, गंभीर. पट्टी सुटली. रशीदभाई डोळा मिचकावत राहिला. डॉक्टरांनी हात वर केला. "चाचा, किती बोटं?"

रशीदभाईची मान खालीच. बोटांकडं पाहतच नव्हता! मला तो खांब आठवला.

"चाचा, इकडं बघा. किती बोटं आहेत?"

"तीन," रशीदभाई म्हणाला. "अन् डॉक्टरसाहेब, तुमच्या पँटीच्या डाव्या मोहरीवर ऑईल हाय. फटफटीच्या गिअरच्या दांड्याचं सील गेलं. गाडी घेऊन या अकोटले."