गीबतीचा धडा

आमच्या मोहल्ल्यातल्या मदरशात मी मुलींना शिकवते. कुराण वाचायला शिकवणं सोपं, वळण लावणं म्हणजे डोक्याला ताप. त्यात गीबतीचा धडा माझा लाडका. एखाद्याच्या पाठीमागं त्याचं उणंदुणं काढणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं, हे मी इतकं रंगवून सांगते की पोरींना रात्रीचं जेवण जात नाही.

एक पोरगी मात्र नुसती आकाशवाणी होती. कुणाची सासू कुणाला काय म्हणाली, सगळं हिच्याकडं. तिची जीभ आवरता आवरता माझी झिजली. पुढं लग्न होऊन ती राहुरीजवळच्या एका गावात गेली.

यंदा माझ्या लेकीला त्याच गावातून, नेमकं तिच्या शेजारच्या घरातून स्थळ आलं. मुलगा देखणा, बोलायला गोड. लेक तर मनातून हो म्हणून बसलेली. पण आमच्यात शेजारीपाजारी चौकशी केल्याशिवाय कुणी जबान देत नाही. मला हसूच आलं. अख्ख्या जिल्ह्यात याहून चांगली खबरी कुठं मिळणार? बसनं गेले.

तिनं चहा केला, जवळ येऊन बसली. मी विचारलं, "मुलगा कसा आहे गं?"

"आपा, तुमीच शिकवलं हाय. कुनाच्या माघारी बोलायचं न्हाई."

असा राग आला म्हणून सांगू. एवढ्या वर्षांत माझा एक धडा कुणाला तरी लागू पडला, आणि तो हिला, आणि आजच. मी समजावलं, सोयरिकीसाठी कुणी विचारलं तर खरं ते सांगायचं असतं, त्याला गीबत म्हणत नाहीत.

"हे न्हवतं शिकवलं तुमी."

नव्हतंच शिकवलं. एवढ्याशा पोरींना सोयरिकीचं काय सांगायचं? शेवटी म्हटलं, "बरं बाई, वाईट नको सांगूस. चांगलं असेल तेवढं सांग. तारीफ करायला तर मनाई नाही ना?"

तिनं शेजारच्या भिंतीकडं एकदा बघितलं. मग ओढणी सारखी करत म्हणाली, "च्यात साखर कमी हाय का, आपा?"

मी चहा तसाच ठेवून उठले.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "नकार कळवा."

"का? काय सांगितलं तिनं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "म्हणून तर."