माशासाठी शिळं पाणी

माझ्या सासूबाईंना रिकामं भांडं बघवत नाही. माझा नवरा गेल्यावर मी त्यांना धसईजवळच्या गावाहून वाशिंदला माझ्याकडे आणलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी घरातलं भांडंन् भांडं पाण्याने भरून ठेवलं. हंडा, कळशी, बादल्या, चहाचं पातेलंसुद्धा. इथे नळाला रोज पाणी येतं हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. "आज येतं. उद्याचं कुनी बगितलंय?" त्या म्हणायच्या. चहाला पातेलं घ्यावं तर ते काठोकाठ भरलेलं, आणि सकाळी सकाळी माझं डोकं फिरायचं. रोज उजाडलं की आदल्या दिवशीचं शिळं पाणी कपड्यांना आणि कढीपत्त्याला जायचं, आणि सगळी भांडी ताज्या पाण्याने पुन्हा भरली जायची.

एवढंच काय ते त्या या घरात करायच्या. एरवी सोफ्यावर बसायच्या नाहीत. लुगड्यांचं बोचकं दाराजवळ बांधलेलंच असायचं, दुपारच्या एसटीने परत जायचं असल्यासारखं. तहान लागली तर स्वतः उठून घ्यायच्या. माझ्याकडे कधी पेलाभर पाणी मागितलं नाही. गावातलं घर बंद होतं आणि तिथे त्यांचं करणारं कुणी नव्हतं. त्या एक दिवस बोचकं उचलून निघून जातील, या भीतीने कामावरून येताना मी जिना धावतच चढायचे. कारण त्या गेल्या असत्या तर मीही एकटीच उरणार होते.

तो पावसाळ्यात गेला. कंपनीत काम करता करता खाली बसला आणि कल्याणला नेईपर्यंत सगळं संपलं. सासूबाई तेव्हा शेतात भाताची रोपं लावत होत्या. चिखलाच्या पायांनी त्या पोचल्या, तेव्हा त्याला तिरडीवर बांधून झालं होतं. त्या रडल्या नाहीत. नंतरही नाहीत. आम्ही दोघी एकाच माणसाच्या मागे राहिलेल्या, पण त्याचं नाव दोघींपैकी कुणीच काढत नव्हतं.

थंडीत म्हसा गावची जत्रा भरली. दर वर्षी तो आईला तिथे घोंगडी घ्यायला न्यायचा. वर्ष सरलं नाही आणि जत्रा कसली, असं शेजारीण म्हणाली. सासूबाईंनीच तोड काढली, "देवाकडं नाय जायचं. घोंगडी घ्यायची नि माघारी फिरायचं." आम्ही भल्या पहाटे निघालो, म्हणून त्या दिवशी भांडी भरायची राहिली.

घोंगडी घेऊन परत फिरताना त्या एका टपरीपाशी थांबल्या. काचेच्या पेल्यांत एकेक मासा ठेवला होता आणि दोन पेल्यांच्या मध्ये पुठ्ठा. "ह्यो फायटर," विकणारा म्हणाला. निळा, लांब पदरासारख्या शेपटीचा.

"ह्याला जोडीदार नाय?" सासूबाईंनी विचारलं.

"दिला तर मारतोय, आजी. एकटाच राहतो."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घे." सहा महिन्यांत त्यांनी काही घ्यायला सांगितल्याचं मला आठवत नव्हतं. मी काचेची पेटीही घेतली.

विकणाऱ्याने सगळं नीट समजावलं. मासा एकदम पाण्यात सोडायचा नाही. बांधलेली पिशवी आधी पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवायची, म्हणजे दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होते. मग पिशवीत वाटीवाटीने घरचं पाणी घालायचं, थांबत थांबत. नळाच्या ताज्या पाण्यात औषध असतं, ते चालत नाही. दिवसभर उघडं ठेवलेलं पाणी पाहिजे. आणि वर जाळी, कारण हा उडी मारतो.

घरी येईपर्यंत पिशवी नव्या घोंगडीत, सासूबाईंच्या मांडीवर होती. आता दिवसभर ठेवलेलं पाणी कुठून आणायचं, असं मी म्हणतेय तोवर त्यांनी हंड्याकडे बोट दाखवलं. कालचं पाणी, काठोकाठ. ज्या भांड्यांवरून मी इतकी कटकट केली, त्यांनीच लाज राखली.

मी वाटीवाटीने पाणी घालत होते आणि त्या गालावर हात ठेवून बघत होत्या. "ही तर पाचपरतावणच झाली गो," त्या म्हणाल्या. "नवरी नाय का, जरा सासरी, की परत माहेरी. एकदम कुनाला करमतंय?" आणि हसल्या. मीही हसले, आणि लगेच मला रडू आलं, कारण ते हसू थेट माझ्या नवऱ्याचं होतं.

मासा रुळला. पेटीला बोट लावलं की बोटामागे फिरायचा. पाणी बदलायचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलं. त्याच्यासाठी एक कळशी वेगळी ठेवली, तिला मला हात लावू द्यायच्या नाहीत. दुपारी त्या त्याच्याशी बोलत बसायच्या, आणि मी आले की गप्प व्हायच्या. एके दिवशी बघितलं तर बोचकं सुटलं होतं आणि लुगडी माझ्या साड्यांच्या खाली घडी घालून ठेवली होती. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मग नवऱ्याची महिन्याची तिथी आली, मासा घरात आल्यापासूनची पहिलीच. मी कामावर गेले होते. दुपारी परतले तर गॅलरीत त्याच्या नावाचं पान वाढलेलं होतं आणि पेटीत मासा तळाशी आडवा पडला होता. पाण्यात बोट घातलं. गार, आणि औषधाचा वास.

"आई, नळाचं भरलंत?" मी ओरडलेच. "इतक्यांदा सांगितलं होतं ना!"

"आज तिथी त्याची," त्या म्हणाल्या. "आजच्या दिशी शिळं कसं देऊ?"

मी स्वयंपाकघरात धावले. हंडा भरलेला, बादल्या भरलेल्या, माशाची वेगळी कळशीसुद्धा भरलेली, आणि सगळं त्याच सकाळचं. तिथीला घरात शिळ्याचा थेंब नको म्हणून त्यांनी सगळं पालटलं होतं. घरभर पाणी, आणि माशाच्या कामाचं ओंजळभरही नाही. शेजारणीकडून कालचं पाणी मागून आणलं. पुन्हा पहिल्यासारखं वाटीवाटीने घातलं. या वेळी वाटी सासूबाईंच्या हातात होती. मासा एकदा वर आला, एक बुडबुडा सोडला आणि परत खाली गेला. ऊन उतरेपर्यंत तो मेला.

सासूबाई पेटीपुढे जमिनीवरच बसून राहिल्या. "तोंडात पाणी घालाया मी नव्हते गो," त्या म्हणाल्या. "आईच्या हातचा घोट नाय गेला त्याच्या पोटात." आणि मग त्या रडल्या, सात महिन्यांचं सगळं रडल्या. मीही नव्हते, माझ्याही हातचं गेलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"पाणी दे गो," त्या म्हणाल्या.

हंडा समोर होता, पण मी नळ सोडला आणि ताजं पाणी तांब्यात भरून आणलं. अर्धं पिऊन त्यांनी तांब्या माझ्यापुढे केला. "तू बी पी. आल्यापास्नं उभीच हायस." मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि उरलेलं प्यायले.